किती पेपर झाले गं तुझे?

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या वहिनींची लेक घरी आली होती. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. फराळाचं ताट घेऊन आली नि नेहमीसारखी आमच्या ओट्यावर टेकली. पण चेहरा जरा उतरलेला. मी सहज विचारलं, "काय गं, काम कसं चाललंय?"

"काम ठीक चाललंय काकू. पण कामाचं कुणी विचारतच नाही. परवा एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. पहिला प्रश्न, पेपर किती? दुसरा, साइटेशन किती? तिसरा, एच-इंडेक्स किती? दहा मिनिटांत मुलाखत आटोपली. मी चार वर्षं नेमकं काय केलं, हे एकानंही विचारलं नाही."

आता मी पडले कलाशाखेची. पेपर म्हटलं की मला सकाळचं वर्तमानपत्र आठवतं, नाहीतर परीक्षेचा पेपर. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून वाटलं, हे काय प्रकरण आहे ते समजून घ्यायला हवं. तिला विचारलं, थोडं वाचलं, आणि जे उमजलं ते आज तुमच्यापुढे मांडतेय. कारण मैत्रिणींनो, आता आपल्या गावागावांतून मुली संशोधनाकडे वळताहेत. त्यांना कुठल्या मापानं मोजलं जातं, हे त्यांच्या आयांना, मावश्यांना, सासवांना ठाऊक असायला नको का?

तर पेपर म्हणजे शोधनिबंध. संशोधकानं प्रयोग केला, त्यातून काही हाती लागलं, की ते व्यवस्थित लिहून शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवायचं. तिथे त्याच विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात. पटलं तर छापतात, नाहीतर परत. छापून आल्यावर दुसरा कुणी संशोधक आपल्या निबंधात लिहितो, की अमुक बाईंनी हे आधी दाखवून दिलंय, त्याच्या पुढचं मी केलं. हा जो उल्लेख, त्याला म्हणतात साइटेशन, म्हणजे संदर्भ. आपण नाही का म्हणत, "ही भाजणीची पद्धत आमच्या नलूमावशीची"? जितकी घरं ती पद्धत मावशीचं नाव घेऊन वापरतील, तितके मावशीचे संदर्भ!

नियतकालिकांचीही अशीच प्रतवारी लावतात. एखाद्या नियतकालिकानं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो आकडा म्हणजे त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर. आणि एच-इंडेक्स हा संशोधकाच्या गळ्यातला बिल्ला. एखाद्याच्या पाच निबंधांचा प्रत्येकी निदान पाच वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स पाच. वीस निबंधांचा प्रत्येकी वीस वेळा, तर वीस. होर्हे हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञानं ही युक्ती २००५ मध्ये काढली. हे २००५ साल जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्या मोजणीचं मूळ माहेर म्हणजे अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. युजीन गारफिल्ड नावाच्या गृहस्थांनी १९५५ मध्ये कल्पना मांडली, की कोणत्या निबंधानं कुणाचा उल्लेख केला याची एक मोठी सूची करावी. वकिलांकडे जुन्या निकालांची अशी सूची असायची, त्यावरून त्यांना हे सुचलं. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेनं १९६४ मध्ये ती सूची प्रसिद्ध केली. हेतू चांगलाच होता. हजारो निबंधांच्या ढिगातून आपल्या उपयोगाचा निबंध शोधणं सोपं व्हावं, एवढाच. एखाद्या माणसाची लायकी ठरवायला हे आकडे डोळे मिटून वापरू नका, असं पुढे गारफिल्ड स्वतः बजावत राहिले. पण एकदा वजनकाटा घरात आला, की सगळंच त्यावर ठेवून बघायचा मोह होतो ना!

आता गंमत बघा. गारफिल्ड यांनी ज्या वर्षी ही कल्पना मांडली, त्याच १९५५ मध्ये हंगेरी देशात एक मुलगी जन्माला आली. आणि गारफिल्ड यांनी ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. घेतली, त्याच फिलाडेल्फियातल्या विद्यापीठात पुढे या मुलीचं काम आकड्यांत बसेना म्हणून तिला खालच्या पदावर उतरवण्यात आलं. तिचं नाव कॅटालिन कारिको. २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळालं, त्यातल्या या एक.

कारिकोबाईंचे वडील खाटीक होते. किशुयसालाश नावाच्या लहानशा गावात त्या वाढल्या. मातीच्या भिंतींचं घर, एकच खोली ऊबदार, घरात नळ नाही, फ्रीज नाही. तिथून शिकत शिकत त्या सेगेद शहरातल्या विद्यापीठात पोहोचल्या आणि १९८२ मध्ये पीएच.डी. झाल्या. १९८५ मध्ये तिथल्या संशोधन केंद्रातली नोकरी गेली, कारण पैसे संपले होते. नवरा आणि दोन वर्षांची लेक यांना घेऊन त्या अमेरिकेला निघाल्या. त्या काळी हंगेरीतून परकीय चलन बाहेर नेण्यावर कडक बंधनं होती. मोटार विकून आलेले ९०० पौंड त्यांनी लेकीच्या खेळण्यातल्या अस्वलाच्या पोटात शिवून टाकले! आपण डब्यात, उशीत पैसे लपवणाऱ्या बायका. आपल्याला हे सांगायला नको.

१९८९ मध्ये त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाल्या. डोक्यात विषय एकच, एमआरएनए. हे काय असतं? आपल्या प्रत्येक पेशीत शरीराची सगळी कृती लिहिलेली एक मोठी वही असते, म्हणजे डीएनए. ती वही कपाटातच राहते. कामापुरतं एक पान उतरवून स्वयंपाकघरात जी चिठ्ठी पाठवली जाते, ती एमआरएनए. चिठ्ठी वाचून पेशी हवं ते प्रथिन बनवते आणि काम झालं की चिठ्ठी नष्ट होते. कारिकोबाईंचं म्हणणं असं, की ही चिठ्ठी आपण बाहेर लिहून शरीरात पाठवली, तर शरीर स्वतःच औषध तयार करेल.

कल्पना सुंदर. पण बाहेरून आलेली चिठ्ठी पाहताच शरीरातले पहारेकरी खवळायचे. जळजळ, सूज, दाह. आणि चिठ्ठीही फार नाजूक, चटकन तुटणारी. बहुतेकांना वाटायचं, यातून काही निघणार नाही. बाईंनी अनुदानासाठी अर्ज करावा आणि तो परत यावा, असं वर्षानुवर्षं चाललं. अनुदान नाही म्हणजे हाताखाली माणसं नाहीत, माणसं नाहीत म्हणजे प्रयोग सावकाश, प्रयोग सावकाश म्हणजे शोधनिबंध थोडे, आणि निबंध थोडे म्हणून पुन्हा अनुदान नाही. हे रहाटगाडगं कुणी थांबवायचं?

१९९५ मध्ये विद्यापीठानं त्यांना सांगितलं, एकतर जा, नाहीतर खालच्या पदावर, कमी पगारावर राहा. त्याच सुमारास त्यांना कर्करोगाची शंका आली होती, तपासण्या चालू होत्या. नवरा व्हिसाच्या कागदपत्रांत हंगेरीत अडकलेला. बाईंनी खालचं पद पत्करलं आणि प्रयोगशाळेत परत गेल्या. नवऱ्यानं एकदा त्यांच्या कामाच्या तासांनी पगाराला भागून पाहिलं, तर ताशी साधारण एक डॉलर पडला! घरचं माणूस हे हसत हसत सांगू शकतं. पण विचार करा, बाहेरच्या मोजपट्टीनं बाईंची किंमत तेवढीच ठरली होती.

मग १९९७ च्या सुमारास एक साधीशी गोष्ट घडली. तेव्हा नियतकालिकं कागदावर यायची, हवा तो निबंध झेरॉक्स काढून वाचावा लागायचा. झेरॉक्स मशीनपाशी बाईंची गाठ ड्रू वाइसमन या नव्यानं आलेल्या डॉक्टरांशी पडली. दोघंही भरपूर वाचणारे, त्यामुळे मशीनसाठी स्पर्धाच! ते प्रतिकारशक्तीचे अभ्यासक. त्यांना एचआयव्हीवर लस करायची होती. बाई म्हणाल्या, मी एमआरएनए बनवते, तुम्हाला करून देऊ? दोघांची विद्या वेगळी, स्वभाव वेगळा. एकीला चिठ्ठी लिहिता येते, दुसऱ्याला पहारेकरी का भुंकतात ते कळतं. संशोधनात सहकार्य म्हणतात ते हे. कागदावर दहा नावं छापणं म्हणजे सहकार्य नव्हे. माझ्याकडे नाही ते तुझ्याकडे आहे, हे ओळखून एकमेकांचं काम पुढे नेणं म्हणजे सहकार्य.

दोघांना एक धागा सापडला. पेशीत आरएनएचे निरनिराळे प्रकार असतात. त्यातला एक प्रकार शरीरात सोडला तरी पहारेकरी गप्प राहत. का? तर त्याच्या अक्षरांवर निसर्गानंच बारीकसारीक रासायनिक फेरफार केलेले असतात. मग दोघांनी आपल्या चिठ्ठीतलं एक अक्षर तसंच बदललं. युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं. दाह थांबला! पुढच्या वर्षांत हेही दिसलं, की अशी बदललेली चिठ्ठी वाचून पेशी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिन बनवते.

हे सगळं लिहून त्यांनी ‘नेचर’ या जगातल्या अगदी मानाच्या नियतकालिकाकडे पाठवलं. एका दिवसात नकार आला. आधीच्या ज्ञानात थोडीशीच भर आहे, अशा अर्थाचा शेरा. शेवटी तो निबंध ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात छापून आला. साल होतं २००५. आठवलं ना? ज्या वर्षी एच-इंडेक्सचा जन्म झाला, तेच हे वर्ष! वाइसमन यांनी बाईंना सांगून ठेवलं होतं, उद्यापासून आपला फोन थांबणार नाही. फोन वाजलाच नाही.

आता त्या वेळी कुणी बाईंची मुलाखत घेऊन विचारलं असतं, "पेपर किती? साइटेशन किती?" तर काय उत्तर मिळालं असतं? पन्नाशीची बाई, वीस वर्षं एकाच विषयात, नावावर मोठं अनुदान नाही, मोठं पद नाही. दहा मिनिटांत मुलाखत आटोपली असती.

आमच्या शेजारच्या लेकीसारखीच.

पण निबंध नुसता मोजण्यासाठी नसतो, वाचण्यासाठी असतो. आणि हा निबंध काही थोड्या माणसांनी खरंच वाचला. हार्वर्डमधले डेरिक रॉसी साध्या पेशींपासून मूळपेशी बनवायच्या खटपटीत होते. साधा एमआरएनए वापरला की पेशी बिथरायच्या. त्यांना हा निबंध सापडला आणि त्यांची वाट मोकळी झाली. त्यांच्या कामातून २०१० मध्ये मॉडर्ना ही कंपनी उभी राहिली. जर्मनीत माइन्झ शहरात उगुर शाहीन आणि ओझलेम ट्युरेची हे डॉक्टर पती-पत्नी २००८ पासून बायोएनटेक कंपनी चालवत होते. दोघंही तुर्की कुटुंबातले. २०१३ मध्ये कारिकोबाई विद्यापीठ सोडून तिथे गेल्या. कंपनीची साधी वेबसाइटही नव्हती म्हणून विद्यापीठातले लोक हसले होते म्हणे. अट्ठावन्न वर्षांच्या बाई, नवरा अमेरिकेत, आणि त्या एकट्या परदेशात पुन्हा पहिल्यापासून!

पुढचं आपल्याला माहीतच आहे. २०२० मध्ये कोरोना आला. जानेवारीत चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुकीय मांडणी जगापुढे ठेवली आणि वर्ष संपायच्या आत, ८ डिसेंबर २०२० रोजी, ब्रिटनमध्ये फायझर-बायोएनटेकच्या लशीचा पहिला सार्वजनिक डोस टोचला गेला. या लशीत आणि मॉडर्नाच्या लशीत त्या बदललेल्या अक्षराचाच सुधारलेला प्रकार वापरला आहे. आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन घेतली, त्या वेगळ्या पद्धतीच्या. पण अमेरिकेत, युरोपात असलेल्या आपल्या कितीतरी लेकीसुनांच्या दंडात एमआरएनए लसच गेली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीनं बनवलेल्या एमआरएनए लशीलाही २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

आणि तो २००५ चा निबंध? त्याचे संदर्भ आज हजारांत मोजले जातात. म्हणजे आकडे आले, पण कधी? कामाची किंमत लाखो जीवांनी चुकती केल्यावर! अशा निबंधांना अभ्यासक ‘झोपलेल्या सुंदरी’ म्हणतात. अँथनी व्हान रान या डच अभ्यासकानं २००४ मध्ये हे नाव वापरलं. वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघत नाही, मग एक दिवस कुणीतरी येऊन जागं करतं. मला मात्र हे नाव काही पटत नाही. सुंदरी झोपली नव्हती हो, ती पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत राबत होती. झोपलं होतं ते आजूबाजूचं जग!

कुणी म्हणेल, मग काय मोजूच नये? इथे मात्र मी जरा थांबते. कारण आपल्या गावाकडच्या मुलींच्या बाजूनं विचार केला, तर आकड्यांचा एक मोठा आधारही आहे. जिथे आकडे नसतात तिथे काय असतं, हे आपण चांगलं ओळखतो. वशिला. "कुणाची मुलगी? कुणी पाठवलंय?" ज्या पोरीला गॉडफादर नाही, मोठं आडनाव नाही, ती निदान कागद पुढे करून म्हणू शकते, हे माझे तीन निबंध, जाणकारांनी तपासून छापलेले. तो कागद तिच्या हातून काढून घ्यायला मी सांगणार नाही. शिवाय दुर्लक्षित राहिलेलं प्रत्येक काम सोनंच असतं असंही नाही. कारिकोबाईसुद्धा निबंध लिहीतच होत्या. छापून ठेवलं नसतं, तर रॉसींना सापडलं कसं असतं?

माझं म्हणणं वेगळं आहे. आकडा हा दाराची बेल. बेल वाजली की दार उघडून आत कोण आहे ते बघायचं, की बेलच्या आवाजावरून पाहुण्याची पारख करायची?

बचत गटाच्या कामात मी हे वर्षानुवर्षं पाहतेय. वार्षिक अहवालाचा छापील फॉर्म येतो. बैठका किती? प्रशिक्षणं किती? लाभार्थी किती? आम्ही भरून देतो. एका वर्षी आमच्या गटातल्या एका बाईनं आपल्या नावचा सातबारा पहिल्यांदा स्वतः वाचला, त्यात दिराचं नाव घुसडलेलं पाहिलं आणि तलाठ्याकडे जाऊन जाब विचारला. माझ्या मते त्या वर्षातलं आमचं सगळ्यात मोठं काम ते. पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता! आणि खरं सांगते, पुढच्या वर्षी आम्हीही बैठकांचा आकडा वाढवायच्या मागे लागलो. कारण आकडा विचारला जातो म्हटल्यावर माणूस आकड्यासाठीच काम करू लागतं. यात माझाही दोष आहे.

संशोधनात नेमकं हेच झालंय. निबंध मोजले जातात म्हटल्यावर एका निबंधाचे तीन तुकडे करायचे. संदर्भ मोजले जातात म्हटल्यावर तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो. आणि याहून वाईट म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं निघाली. नाव भारदस्त, तपासणी शून्य. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून जास्त नियतकालिकं वगळावी लागली, यावरून काय ते समजा. २०२२ च्या नव्या नियमांत आयोगानं पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्तीही काढून टाकली. चांगलं झालं. पण नियम बदलला म्हणून मुलाखतीत बसलेल्यांची सवय बदलते का? जगभरातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक जाहीरनामा तयार केला, की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची योग्यता ठरवू नका, त्याचं काम बघा. त्यावर हजारो संस्थांनी, शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. सही करणं सोपं असतं. समोरच्या पोरीचा निबंध उघडून वाचायला मात्र वेळ द्यावा लागतो.

या मोजणीचा फटका बायकांना जरा जास्तच बसतो. निबंध भराभर निघायचे दिवस कोणते? पंचविशी ते चाळिशी. आणि लग्न, बाळंतपण, मुलांची आजारपणं, सासू-सासऱ्यांचं बघणं, हे कधी? तेच दिवस! बाळ वर्षाचं होईपर्यंत निबंध निघाला नाही, तर आकड्यात खड्डा पडतो आणि खड्डा का पडला हे कुणी लिहीत नाही. संसारासाठी थांबलेल्या बाईला पुन्हा संशोधनात येता यावं म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं महिला शास्त्रज्ञांसाठी योजना काढली, ती आता ‘वाइज-किरण’ या नावाखाली येते. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला हे नाव जरूर सांगा.

आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे आठवतात का? जन्म १९१७ चा, शाळा हुजूरपागा. कर्करोगावर आयुष्यभर मुंबईत संशोधन केलं. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी प्रयोगशाळेत वाढवायचं तंत्र शिकल्या आणि इथे येऊन तशी प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोग यांवर त्यांचे दोनशेहून जास्त शोधनिबंध आहेत. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. म्हणजे आकड्यांच्या परीक्षेत बाई पहिल्या वर्गात! पण १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना सुरू केली. तिनं पुढे वाशीला नोकरदार बायकांसाठी वसतिगृह काढलं, पाळणाघर काढलं. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात जाऊन रणदिवेबाईंनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. त्या पाळणाघरात मूल ठेवून एखादी तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत गेली असेल, तिनं निबंध लिहिला असेल, त्याचे संदर्भ झाले असतील. पण त्या निबंधाखाली पाळणाघराचा उल्लेख कोण करणार? एच-इंडेक्समध्ये ते कुठे बसणार?

म्हणून मला निवड समित्यांवर बसणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. आकडे बघा, जरूर बघा. पण उमेदवाराला सांगा, तुझा सगळ्यात चांगला एकच निबंध घेऊन ये. तो आधी वाचा आणि मग तिच्याशी बोला. हे का केलंस, कुणाबरोबर केलंस, फसलं कुठे, पुढे काय करायचंय? अर्धा तास लागेल. एका आयुष्याचा निर्णय घ्यायला अर्धा तास जास्त आहे का?

आणि थोडं आपल्यासाठीही. आपण तरी काय वेगळं करतो? दहावीच्या मुलाला विचारतो, किती टक्के? नोकरीवाल्याला, पॅकेज किती? आणि पीएच.डी. करणाऱ्या पोरीला, "अजून किती वर्षं गं? लग्नाचं काय?" तिच्या आईलाही चारचौघीत सांगता येत नाही, की लेक नेमकं काय करते. कारण आपण कधी नीट विचारलेलंच नसतं. कारिकोबाईंच्या आई म्हणे दरवर्षी नोबेलच्या घोषणेच्या वेळी रेडिओ ऐकत बसायच्या, कदाचित आपल्या लेकीचं नाव येईल म्हणून. लेकीला तेव्हा ना पद होतं, ना अनुदान. नोबेल मिळालं तेव्हा ती माउली हयात नव्हती. पण जगानं मोजायच्या कितीतरी आधी एका बाईनं तिच्यावर विश्वास टाकला होता, हे काही थोडं नाही.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या लेकीला म्हटलं, "बरं, मला सांग. चार वर्षं तू काय केलंस? मला कळेल अशा भाषेत सांग, मी कुठे जात नाही." आधी ती हसली. मग सांगू लागली. ग्रामीण दवाखान्यांतल्या रुग्णांच्या जखमांतले जंतू ती तपासते. कुठल्या जंतूवर कुठलं औषध आता चालेनासं झालंय, हे शोधते. अर्धवट घेतलेल्या गोळ्या, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली औषधं यांमुळे जंतू कसे निर्ढावतात, हे तिनं असं काही समजावलं, की मी उठून आधी घरातला औषधांचा डबा उघडला. दोन अर्धवट राहिलेली पाकिटं निघाली!

तास कधी गेला कळलंच नाही. चकली तशीच राहिली होती ताटात. जाताना म्हणाली, "काकू, एवढं सगळं मी अजून कुणाला सांगितलंच नव्हतं."

तिचा एच-इंडेक्स किती, ते मात्र विचारायचं राहूनच गेलं.